संघाडा तुमचा, दोरी माझी

"हात फुडे कर," अंतोबा मेस्त्री म्हणाले.

धाकूने डावा पुढे केला.

"तो न्हय. पटाशीचो."

मी संघाड्याच्या पलीकडच्या अंगाला दोरी धरून बसले होते, म्हणून मला सगळं समोरून दिसलं. मेस्त्रींनी लाखेची तांबडी कांडी निखाऱ्यावर धरली. टोक काकवीसारखं मऊ झालं. मग धाकूच्या उजव्या तळव्यावर ती टेकवून त्यांनी सावकाश गोल फिरवली, लाकडावर रंग चढवताना फिरवतात तशी. धाकू ओरडला नाही. आमच्याकडे ओरडलं की दुसऱ्या रंगाची कांडी निघायची.

"आता धर पटाशी," मेस्त्री म्हणाले. "दोरी होयी न्हय तुका?"

त्याचा गुन्हा एवढाच, की सकाळी पेज पिता पिता त्याने विचारलं होतं, "मेस्त्रीनू, माझी दोरी कधी वडतलात?"

हे जरा नीट सांगायला हवं. आमचं गाव संस्थानी. मुंबईला इंग्रजांच्या राणीचं राज्य आहे म्हणत, पण मुंबई म्हणजे पडावात बसून जायची जागा. आमचं सरकार टेकडीवरच्या राजवाड्यात, आणि टेकडीच्या पायथ्याशी आमची कातारआळी. लाकडी खेळणी, बुडकुली, पाटाचे पाय, पाळण्याचे खांब, सगळं इथे कातून आणि लाखेने रंगवून बाहेर जायचं. संघाडा म्हणजे तरी काय, जमिनीत रोवलेले दोन खुंट, त्यांच्यामध्ये अणकुचीदार खिळ्यांवर आडवं अडकवलेलं लाकूड आणि लाकडाला वेढे घातलेली दोरी. दोरी ओढणारा एकदा उजव्या हाताने ओढतो, एकदा डाव्या. लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे. पुढच्या फेरीला कातारी पटाशी टेकवतो, मागच्या फेरीला उचलतो. दोघांचा श्वास एक झाला तर लाकूड लोण्यासारखं उतरतं. नाही झाला तर पटाशी उसळते. आणि पटाशी उसळली की चूक दोरीची, हा आळीचा कायदा.

दोरी ओढायला बायका, पोरं, चेले. पटाशी धरायला मेस्त्री.

मग चेल्याचा मेस्त्री कधी होतो? तर एके दिवशी चार लोकांसमोर गुरू उठतो, स्वतः दोरीवर बसतो आणि चेल्याला म्हणतो, धर. गुरूने ओढलेल्या दोरीवर एक जिन्नस उतरवला की चेला कातारी झाला. मग त्याने कुठेही संघाडा मांडावा, आपल्या हाताखालच्या माणसाची दोरी ओढून त्यालाही कातारी करावं. पण त्याआधी जो पळून गेला त्याला पंचक्रोशीत कोणी शिवणीचा ओंडकासुद्धा देत नसे. "तुझी दोरी कोणी वडली?" असं आधी विचारत. उत्तर नसलं की दार बंद.

धाकूला मिसरूड फुटून जुनं झालं होतं. मेस्त्री दर दसऱ्याला म्हणत, "फुडल्या दसऱ्याक." माडी पिऊन पिऊन मेस्त्रींचे हात कापायला लागले होते, आणि त्यांच्या नावाने आळीबाहेर जे जात होतं ते सगळं धाकू उतरवत होता. कातारी झालेला धाकू दुसऱ्या दिवशी निघून गेला असता. अशी दुभती म्हैस कोण सोडतो?

आणि मी? मी दोरी. म्हणजे आळीत मला तसंच ओळखत, "अंतोबाची दोरी". बाप लहानपणी गेला. आई याच संघाड्यावर दोरी ओढता ओढता खोकून गेली, आणि तिने स्वतः वळलेली सुती दोरी माझ्या हातात आली. मेस्त्रींनी आम्हांला आसरा दिला असं आळी म्हणायची. मेस्त्रीही म्हणायचे, रोज, मी ताटावर बसले की. माझ्या मनगटावर तीन गोल डाग आहेत. लोकांना ते देवीचे व्रण वाटतात. एकदा एका म्हातारीने त्यांना हात लावून नमस्कार केला. मी करू दिला.

सुख म्हणायचं तर दुपारचं. मेस्त्री सुकट-भात जेवून, वर माडी घेऊन ओटीवर घोरायला लागले की धाकू उरलेल्या तुकड्यांचे भोवरे उतरवायचा. ते ठेवता यायचे नाहीत, मेस्त्रींना दिसले असते. संध्याकाळी मी ते चुलीत घालायची. त्या वर्षी आमची पेज भोवऱ्यांवर शिजत होती.

तर त्या दिवसाचं. राणीसाहेबांचे दिवस भरत आले होते आणि वाड्यावरून पाळण्याच्या चार खांबांचं काम मेस्त्रींकडे आलं होतं. तीन खांब तयार होऊन भिंतीशी उभे होते, केवड्याच्या पात्याने घासून चकचकीत केलेले, तिन्ही धाकूच्या हातचे. चौथा त्या सकाळी व्हायचा होता. पाळण्याचा शेवटचा खांब, जी बाई त्या पाळण्यात मूल घालणार तिच्यादेखत उतरवतात. आणि एकदा का त्याला दोरी लागली, की लाकूड पुरं झाल्याशिवाय खाली काढत नाहीत. अर्धं काढलं तर मूल अर्ध्यावर राहतं, असं मानतात. मानतात म्हणजे फार मानतात.

म्हणून धाकूने ती सकाळ निवडली होती. आज आपल्यावाचून यांचं अडतंय, आज विचारावं. आदल्या दिवशी मला म्हणालासुद्धा, "द्वारके, उद्या त्येंका नाय म्हणूक जमाचां नाय."

आणि मेस्त्रींनी नाही म्हटलं ते असं. ज्या हातावर चौथा खांब उभा राहायचा तोच भाजला. रागावलेला कातारी आपलीच पटाशी दगडावर मारतो, तसं.

"चवथो खांब मी काततंय," ते हात झटकत म्हणाले. "हात कोणाचो तां जग बघूंदे. तू थंय कोपऱ्यात उभो ऱ्हव."

धाकू कोपऱ्यात उभा राहिला. मी केळीचं पान फाडून त्याच्या हातावर गुंडाळायला गेले, तर लाख कातडीला धरून बसली होती. पान तसंच वरून गुंडाळलं.

"दुखता?" मी विचारलं.

"नाय, गुदगुल्यो होतत," धाकू म्हणाला. ओठ पांढरे पडले होते आणि तरी असं बोलत होता.

पाळण्यात मूल घालणारी दाई आली ती वाजतगाजत नाही, पण बोलत बोलत. मथुराबाय तिचं नाव. वाड्यावरच्या दोन पिढ्या तिच्या हातावर जन्मल्या होत्या आणि त्या दोन्ही पिढ्यांना ती अजून अरेतुरे करायची. तिच्यामागून आळीतल्या बाया आल्या, नारळाचा प्रसाद मिळतो म्हणून. पुढे गोपिकाकाकी. तिचा नवरा आमच्या शेजारचा कातारी, आणि तिचा थोरला मुलगा एकेकाळी आमच्याच संघाड्यावर चेला होता. तो एका पावसाळ्यात पळून गेला तो गेलाच. दोरी न ओढलेला, त्यामुळे कुठे कोणाच्या गुरांमागे असेल. काकी त्याचं नाव घेत नसे. आमच्या दारावरून जाताना थुंकायची फक्त.

"काय रे मेस्त्री, तीन खांब बरे केलंस," मथुराबाय म्हणाली. "हात चलता हा अजून तुझो."

"तुमची किरपा," मेस्त्री म्हणाले.

कोपऱ्यात धाकू हातावरचं केळीचं पान सारखं करत होता.

नारळ फुटला, लाकडाला हळदकुंकू लागलं. मी दोरीचे वेढे घातले आणि बसले. मेस्त्रींनी पटाशी घेतली.

पहिल्या काही फेऱ्या बऱ्या गेल्या. साल निघाली, लाकूड गोल झालं. मग मानेचं वळं, म्हणजे भोवतालचं कडं, काढायची वेळ आली आणि पटाशी थरथरायला लागली. ते थरथरणं मला दोरीतून हातात कळत होतं, आजाऱ्याची नाडी लागावी तसं. पटाशी उसळली. लाकडावर ओरखडा उठला.

"हात मोडले काय गो तुझे?" मेस्त्री खेकसले. "समान वड!"

बायांनी माझ्याकडे पाहिलं. दोरीची चूक.

मी वर पाहिलं. त्यांच्या खांद्यावरून मला धाकू दिसत होता. केळीच्या पानातून पाणी गळत होतं आणि तो ओरखड्याकडे बघत होता. हाताकडे नाही, ओरखड्याकडे. तेवढं मला पुरलं.

मी दोरी सोडली.

लाकूड अर्धा वेढा मागे फिरून थांबलं. कातारआळीत दिवसा संघाडा थांबला की कानाला चटकन कळतं.

"वड," मेस्त्री म्हणाले.

"नाय वडूचंय."

"काय म्हटलंस?"

"नाय वडूचंय म्हटलंय. धाकूची दोरी तुमी वडा, मगे मी तुमची वडतंय."

त्यांनी मला मारलं असतं, पण हात उचलायचा तर पटाशी खाली ठेवायला हवी होती, आणि वाड्यावरची दाई समोर बसली होती. ते हसले. "चेडवाक गरम झाला हा," ते माझ्याकडे मान करून बायांना म्हणाले. "रखमा, तू ये गो. वायच दोरी धर."

रखमाने पदराला हात पुसले. "माझो हात मुरगाळलो हा, मेस्त्रीनू."

"कधी?"

"आताच."

"काशी, तू ये."

"माझी भाकरी तव्यार आसा."

"मगे हयसर काय करतंस?"

"आठवण झाली म्हणान सांगतंय," असं म्हणून काशी जागची हलली नाही.

"गोपिका..." मेस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

गोपिकाकाकी पुढे आली. मला वाटलं, ही थुंकणार. पण तिने धाकूचा हात धरला, केळीचं पान सोडवलं आणि तो हात मथुराबायच्या पुढ्यात नेऊन धरला.

"ह्यो बघ, बाय. तीन खांब ह्या हातान केल्यान. आणि ह्यो ह्या मेस्त्रीन भाजलो, आज सकाळी."

मथुराबायने पुष्कळ पाहिलं असणार आयुष्यात. तिने हात पाहिला, भिंतीशी उभे तीन खांब पाहिले, संघाड्यावरचा ओरखडा पाहिला. मग म्हणाली, "तां तुमचां तुमी बघा. पण माझां लाकूड थांबला हा. राणीसायबांक काय सांगू? खांब अर्धो ऱ्हवलो, कारण मेस्त्रीक दोरीक माणूस मिळाक नाय?"

"मिळतला, मिळतला," मेस्त्री म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

"खंयचो मिळतला?" गोपिकाकाकी म्हणाली. "तूच वड."

"मी? आणि पटाशी कोण धरतलो? ह्यो?" त्यांनी धाकूच्या हाताकडे बोट दाखवलं आणि ते खरंच हसले. आपणच केलेल्या डागाचा त्यांना त्या क्षणी आधार वाटला असावा. "धर रे धाकू. धरून दाखव."

सगळे धाकूकडे बघायला लागले. मीही. त्याने बोटं मिटून पाहिली. मिटेनात.

ज्याच्यासाठी दोरी सोडली त्याला पटाशी धरता येत नव्हती, आणि आज नाही तर पुन्हा कधी नाही. उद्या मेस्त्री मला रस्त्यावर काढणार आणि धाकूला गोठ्यात बांधणार, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

धाकू म्हणाला, "द्वारकी धरतली."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"दुपारचे भोवरे," धाकू म्हणाला, माझ्याकडे न बघता, मथुराबायला. "अर्धे माझे, अर्धे तिचे. तिचे जास्त फिरत."

तर हे असं होतं. मेस्त्री घोरायला लागले की आम्ही जागा बदलत होतो. मी पहिल्यांदा म्हटलं, "सरक, माका बघूंदे," तेव्हा तो हसला होता. दुसऱ्यांदा हसला नाही. माझे भोवरे जास्त फिरत हे मात्र तो त्या दिवसापर्यंत मला कधी बोलला नव्हता. मेल्याने तेवढं लपवून ठेवलं होतं.

"चेडू पटाशी धरतलां?" मेस्त्री ओरडले. "आमच्या सात पिढ्यांत..."

"मेस्त्री," मथुराबाय म्हणाली, "पाळणो कोण हलयता? बायल. पोर कोण घालता? बायल. काढता कोण पोटातसून? मी. मगे खांब बायलेन केल्यान तर आभाळ पडतला? माझां लाकूड फिरव. नायतर मी चललंय वाड्यार, आणि थंय काय बोलतलंय तां माका आत्ताच म्हायत नाय."

वाड्याचं काम गेलं की आळीतलं तोंड गेलं. मेस्त्रींनी एकदा दाराकडे पाहिलं. दारात बाया होत्या.

ते उठले. संघाड्याला वळसा घालून माझ्या जागेवर येऊन बसले. मी त्यांच्या जागेवर बसले. पाट अजून गरम होता.

त्यांनी दोरी धरली आणि मुद्दाम हिसका मारला.

पटाशी उसळायला हवी होती. उसळली नाही, कारण मी ती टेकवलीच नव्हती. इतकी वर्षं त्या दोरीवर बसून कोण कधी हिसका मारतो हे मला कळणार नाही तर कोणाला?

"मेस्त्रीनू," मी म्हटलं, "हात मोडले काय तुमचे? समान वडा."

आधी गोपिकाकाकी हसली. मग रखमा, मग भाकरीवाली काशी, मग दारातल्या सगळ्या. पोट धरून हसल्या. मेस्त्रींचं तोंड लाखेसारखं झालं. पण त्यानंतर दोरी समान चालली. हसण्याच्या आवाजात हिसके मारता येत नाहीत, असं मला तेव्हा कळलं.

मी ओरखडा कातून घालवला. पोट उतरवलं, मान उतरवली. पुढच्या फेरीला टेकव, मागच्या फेरीला उचल. धाकू माझ्या खांद्याशी येऊन उभा होता, मी श्वास घेतला की तोही घेत होता. आणि मग मी एक घोटाळा केलाच. ते तिन्ही खांब उतरताना मी दोरीच्या बाजूने बघितले होते, त्यामुळे माझ्या डोळ्यांतला खांब उलटा होता. खालचं वळं मी वरच्या अंगाला काढून बसले.

"उलटां," धाकू कुजबुजला.

काढलेलं वळं परत लाकडात जात नाही. मी वर ते ठेवलं, आणि खाली जिथे हवं तिथे दुसरं काढलं. मग तांबडी कांडी टेकवली, लाख चढली, केवड्याचं पातं फिरलं. तांबडा रंग फिरत असताना धाकू खिडकीबाहेर बघत होता.

खांब खाली उतरला. मथुराबायने तो तीन खांबांशेजारी उभा करून पाहिला.

"ह्येका एक वळां जास्त आसा."

"आसा," मी म्हटलं.

"कित्याक?"

गोपिकाकाकी म्हणाली, "राजाचां पोर आसा, बाय. एक वळां वरकड नको?"

मथुराबाय नाकातून हसली, खांब पदरात गुंडाळला आणि उठली. जाताना दारात थांबून मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं तिने मला विचारलं, "काय गो चेडवा, तुझी दोरी कोणी वडली?"

"अंतोबा मेस्त्रीन," मी म्हटलं.

मेस्त्रींच्या हातात अजून दोरी होती. त्यांनी ती साप असल्यासारखी टाकली. टाकून काय उपयोग? चार नव्हे, चाळीस डोळ्यांनी ती ओढलेली पाहिली होती.

"भायर हो," ते म्हणाले. "माझ्या घरातसून भायर हो. दोघांय."

मी वाकून खाली पडलेली दोरी गोळा केली आणि खांद्यावर घातली.

"ती खंय नेतंस?"

"संघाडो तुमचो," मी म्हटलं. "दोरी माझी. माझ्या आवशीन वळलेली."

बाहेर आलो तर ऊन लागलं डोळ्यांना. कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. गोपिकाकाकी आपल्या दारात उभी राहून म्हणाली, "माझो घोव बाजारात गेलो हा. संघाडो रिकामो आसा." एवढं बोलून ती आत गेली, जसं काही ते आम्हांला उद्देशून नव्हतंच.

मी धाकूकडे पाहिलं. "चल, बस."

"माझो हात..."

"डावो आसा मा?"

मी तिच्या संघाड्याला माझ्या आईची दोरी लावली आणि ओढायला बसले. बाया पुन्हा जमल्या. कोणीतरी शंका काढलीच: मुलीने ओढलेली दोरी चालते का? गोपिकाकाकी चुलीपाशी होती, तिथूनच ओरडली, "कातारी जो असात तो वडता. ह्या चेडवाची दोरी आताच मेस्त्रीन वडलेली. मगे?" रीत रीतच होती. आजवर ती आमच्या गळ्यात होती, त्या दिवशी दुसऱ्या टोकाने हातात आली, इतकंच.

धाकूने डाव्या हातात पटाशी घेतली, पायाच्या अंगठ्याने ती आवळून धरली, आणि मी आजवर ओढली नव्हती इतकी समान दोरी ओढली. एक भोवरा उतरला. वाकडा, एका अंगाला पोट सुटलेला. जमिनीवर सोडला तर दारुड्यासारखा तीन पावलं गेला आणि आडवा झाला.

"ह्यो चुलीत नको घालू," धाकू म्हणाला, आणि मग रडला. भाजलं तेव्हा रडला नव्हता.

नाही घातला. माझ्याकडे आहे.

धाकूने मालवणाकडे संघाडा मांडला. लोक विचारतात, मग तुमचं लग्न झालं असेल. झालं ना, त्याचं. मी गेले होते, लाडू बरे होते. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत पुरती मिटली नाहीत, पण डाव्या हाताने तो जे उतरवायचा ते बघायला लांबून माणसं यायची. अंतोबा मेस्त्रींच्या संघाड्यावर त्यानंतर दोरीला कोणी बसलं नाही. आळीतल्या बायांचे हात मुरगाळलेलेच राहिले.

माझ्याकडेही आता मुलं येतात शिकायला, आणि मुलीही. परवा एक आली, आईचं बोट धरून, दार ओलांडायला तयार नाही. मी तिला पाटावर बसवली, हातात पटाशी दिली आणि वळसा घालून पलीकडे जाऊन दोरीवर बसले. आता गुडघे कुरकुरतात, बसायला वेळ लागतो.

"धर," मी म्हटलं.

ती घाबरली. "पण मेस्त्रीणबाय, माका अजून कायच येणा नाय."

"म्हणानच आज वडतंय," मी म्हटलं. "मगे शिकाक ऱ्हव, नायतर जा. खंय गेलंस आणि कोणी इचारल्यान, तुझी दोरी कोणी वडली, तर सांगूक नाव असांदे."